आठशे मीटरपर्यंत

रेश्माताईंनी मला हे लिहायला सांगितलं. त्या आमच्या असल्फाच्या टेकडीवर घरोघर फिरून टीबीच्या पेशंटची औषधं बघतात. मी म्हटलं, "ताई, मला कुठं लिहिता येतं?" त्या म्हणाल्या, "कॉलेजात जातेस ना? मग? दवाखान्याच्या बाकावर तुझ्यासारख्या पोरी येऊन बसतात आणि आधी अर्धा तास रडतात. त्यांच्या हातात द्यायला काहीतरी पाहिजे मला."

म्हणून लिहितेय. मी टीवायला आहे, आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. कुठे चुकलं तर समजून घ्या. औषधांची नावं मी देणार नाही. ती प्रत्येकाची वेगळी असतात, आणि मी एकदा स्वतःच स्वतःची डॉक्टर झाले होते, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. माझं नाव पूनम. मी पंधराशे मीटर पळते. हे आधी सांगते, कारण माझा आजार अंगाच्या आधी घड्याळात दिसला.

घड्याळ

जुलैच्या सुरुवातीला मी चारशे मीटरच्या सहा फेऱ्या बहात्तर सेकंदांच्या आत काढत होते. मग चौऱ्याहत्तर लागले. मग शहात्तर. परब सर ट्रॅकच्या कडेला घड्याळ धरून उभे असायचे. सर मुलुंडला राहतात, बँकेत नोकरी करतात आणि त्याआधी पहाटे अंधेरीच्या ट्रॅकवर आम्हा सात-आठ जणींना पळवतात. एरवी चांगलं शुद्ध बोलतात, राग आला की मालवणीत.

"काय गो, रात्रभर मोबाइल बघत बसतंस काय?"

"नाही सर."

"मग पाय खंय ठेवून इलंस?"

मला वाटलं मी आळशी झालेय. खरंच तसंच वाटलं. संध्याकाळी पाच वाजले की अंगात कसर यायची. मी तापाची गोळी घ्यायची आणि लायब्ररीत डोकं टेकून बसायची. घरी यायला टेकडीच्या पायऱ्या चढताना डाव्या कुशीत काहीतरी टोचायचं. वजन तीन किलो उतरलं, तेव्हा मी आणि सर दोघंही खूश झालो. सर म्हणाले, "हलकी झालीस, बरं झालं. आता वेळ येईल बघ."

हे कुणाला का सांगितलं नाही, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. डॉक्टरांनी, पप्पांनी, रेश्माताईंनी. कारण एकच होतं. मला परदेशातल्या एका मीटची एन्ट्री मिळाली होती.

तिकडचं

ही मीट कसली ते जरा सांगावं लागेल, कारण आमच्या गल्लीत तरी ते कुणालाच नीट कळलं नव्हतं.

सरांनी मला समजावलं होतं ते असं. आपल्याकडे जिल्हा, विद्यापीठ, राज्य, नॅशनल, इथपर्यंत जिना आहे. त्याच्यावर एकदम गच्ची, टीव्हीवर दिसते ती. मधल्या पायऱ्या आपल्याला दिसतच नाहीत. पण त्या असतात. बाहेरच्या देशांत लहान-मोठ्या शहरांत मोसमभर मीट होत असतात. पाच-सहा हजार माणसं बघायला येतात, जगातल्या पहिल्या दहातलं कुणी तिथे येत नाही, पेपरात ओळभर बातमी येत नाही. खेळाडू घडतो तो तिथे.

"आपल्या नॅशनलला काय होतं?" सर म्हणायचे. "सगळ्या एकमेकींकडे बघत पळतात. पहिल्या दोन फेऱ्या रमतगमत, शेवटची जीव खाऊन. जी जिंकते तिची वेळसुद्धा मामुली. तुम्ही जिंकायला शिकलात, पळायला शिकला नाहीत."

तिकडे बारा जणी असतात, सगळ्या आपल्याएवढ्या किंवा आपल्याहून थोड्या भारी. पुढे एक पेसर लावलेली असते. ती ठरलेल्या वेगाने सगळ्यांना ओढते आणि ठरलेल्या जागी बाजूला होते. आपण नुसतं त्या घोळक्याला लटकायचं. आठवी आलीस तरी आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ घेऊन येशील, वर क्रमवारीचे गुण मिळतील, आणि त्या गुणांवर पुढची मीट तुला बोलवेल. असं सरांचं गणित.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आठवी यायला एवढ्या लांब?"

पप्पा म्हणाले, "अगं, इथं पहिली येणारी तिथं आठवी येते. म्हणजे पोरगी वरच्या वर्गात गेली ना."

त्या शहराचं नाव आईच्या तोंडात बसेना, म्हणून ती त्याला 'तिकडचं' म्हणायची. तिकडचं कधी आहे, तिकडचं सामान घेतलंस का. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येऊन गेले तेव्हा अख्ख्या गल्लीला कळलं की पूनम तिकडे चालली. आमच्या घरातला तो पहिला पासपोर्ट. पप्पांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून कपाटात माझ्या दहावीच्या मार्कशीटवर ठेवला.

आता सांगा, कुशीत टोचतंय म्हणून मी तोंड उघडलं असतं का?

सोळा दिवस

विमानाला सोळा दिवस होते. त्या सकाळी तिसऱ्या फेरीत मी थांबले. थांबायचं ठरवलं नव्हतं. श्वास अर्ध्यावर येऊन अडकला, खाली उतरेचना. सरांनी माझा हात डाव्या कुशीवर बघितला आणि घड्याळ बंद केलं. माझे बूट स्वतः पिशवीत भरले आणि म्हणाले, "पप्पांना फोन लाव. आजच्या आज एक्स-रे."

पप्पा शाळेची बस चालवतात. सकाळची ट्रिप संपवून ते खाकी शर्टातच इस्पितळात आले. डॉक्टर तरुण होते, आमच्या सरांपेक्षा बरेच लहान. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"फुप्फुस असं काळं दिसायला पाहिजे. हे डावीकडे अर्ध्यापर्यंत पांढरं आहे बघ. हे पाणी साठलंय."

"सोळा दिवसांत निघेल?" मी विचारलं.

"पाणी आजच काढू. पण सोळा दिवसांनी काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी शहराचं नाव मला पुन्हा उच्चारायला लावलं. मग फिल्म खाली ठेवली.

"जाता येणार नाही. आधी हे पाणी कशाचं ते बघू. मला टीबीची शंका आहे." मग ते म्हणाले, "पासपोर्ट दहा वर्षं चालतो ना?"

तेव्हा मला त्यांचा राग आला. आता वाटतं, त्या दिवशी माझ्याशी बोलण्यासारखं तेवढं एकच बरं वाक्य होतं आणि ते त्यांना सुचलं.

पप्पांनी फॉर्मवर सही केली आणि विचारलं, "मी दुपारची ट्रिप करून येऊ का? पोरं शाळेत थांबतील." डॉक्टर म्हणाले, "या ना, काही घाई नाही." पप्पा दारापर्यंत गेले, परत आले, कुणाला तरी फोन करून बस सोपवली आणि बाकावर बसले. संध्याकाळपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

वॉर्ड

मला खुर्चीवर उलटं बसवलं, पुढे उशी दिली. सिस्टर म्हणाल्या, "उशीला मिठी मार आणि खोकू नको." सुई पाठीत गेली ते दुखलं, पण मला वाटलं होतं तेवढं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण मी त्या सुईला फार घाबरले होते. बाटलीत पडत होतं ते पाणी पाण्यासारखं नव्हतं, पातळ बिनदुधाच्या चहासारखं होतं.

"सिस्टर, किती निघालं?"

"लिटरभर."

मी मनात हिशेब केला. एवढं ओझं छातीत घेऊन मी शहात्तर सेकंदांत फेरी काढत होते. लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन म्हणाले, टीबीच आहे. रोज गोळ्या, सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. मी रडले नाही. मला काही वाटतच नव्हतं. फक्त पाय स्थिर राहीनात. चादरीखाली ते आपोआप हलत होते. शेजारच्या खाटेवर ट्रॉम्ब्याच्या एक मावशी होत्या, कोळीण. दोन दिवस त्यांनी बघितलं आणि मग म्हणाल्या, "ए बाय, सायकल चालवतंस काय गो आत? तुज्याकडं बघून माजेच पाय दुखाया लागले."

मी चार दिवस तिथे होते. सकाळी सहाला सिस्टर ताप बघायच्या, आठला चहा-ब्रेड, दहाला डॉक्टर, मग दुपारपर्यंत काहीच नाही. हे 'काहीच नाही' मला सगळ्यात जड गेलं. मी वॉर्डच्या दारापासून खिडकीपर्यंत पावलं मोजली, एकेचाळीस भरली. मग रोज दुपारी सगळे झोपले की मी फेऱ्या मारायची. सिस्टरनी पकडलं.

"कुठं निघालीस?"

"पाय मोकळे करतेय."

"चौदा फेऱ्या झाल्या तुझ्या, मी मोजतेय. झोप जा. इथं मेडल नाही."

पण त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दहाच मार. आणि पंख्याखाली मारू नको, घाम येतो तुला."

पाणी

माझी आई घाटकोपरला एका पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटते. तिथल्या बाई वाईट नाहीत. पण खाण्याचं काम, आणि घरात टीबी. मी घरी येण्याआधीच आईने ठरवलं होतं, टीबी हा शब्द बाहेर काढायचा नाही. गल्लीत पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी जिन्यातच होते.

"काय झालं हो पूनमला?"

"छातीत पाणी झालं होतं. काढलं."

एवढंच. आमच्याकडे हे असंच म्हणतात. म्हातारी माणसं ऐकून मान हलवतात, त्यांना बरोबर कळतं. तरण्यांना वाटतं, पाणी होतं, काढलं, संपलं. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं की हिचा टीबी फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणाचा आहे, कपबशीतून तुम्हाला होणार नाही. आई-पप्पांची तपासणीही झाली, दोघंही ठीक निघाले. तरी माझा पेला वेगळा झाला. तो स्टीलचा होता आणि त्याला आईने दोरा बांधला होता. मी त्यातूनच पाणी प्यायले. पप्पांनी मात्र दोन दिवसांनी तो दोरा तोडून टाकला आणि त्यावरून भांडण झालं. भिंती पातळ, म्हणून भांडण कुजबुजत.

"पळवून पळवून पोरीचं हे केलंत तुम्ही."

"मी काय ट्रॅकवर घेऊन जातो काय तिला?"

"तुम्हीच डोक्यावर घेतली. पासपोर्टला कव्हर घालायला कोण धावलं?"

त्या रविवारी परब सर अंड्यांचा ट्रे घेऊन टेकडी चढून आले. आमच्या पायऱ्या उभ्या आहेत. सर दारात येऊन आधी दोन मिनिटं नुसते धापा टाकत उभे राहिले. आई म्हणाली, "सर, पुरे झाली ना तुमची मीट? आता पोरीला सोडा."

सर खाली बघत होते. मग म्हणाले, "वैनी, माझं चुकलं. वजन उतरलं तेव्हा मी तिला शाबासकी दिली. मला कळायला पाहिजे होतं."

आई आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग ती चहा घेऊन आली, तीन कप, आणि माझाही चहा तिने तशाच कपात दिला.

ती मीट झाली तेव्हा मी घरात एकटी होते. मोबाइलवर लाइव्ह दिसत होतं, मधूनमधून अडकत. महिलांची पंधराशे सव्वाचार मिनिटांत संपली. पेसर सरांनी सांगितल्यासारखी ठरलेल्या जागी बाजूला झाली आणि मागचा घोळका तिच्यावरून पुढे गेला. मी आठव्या नंबरच्या मुलीची वेळ बघितली. माझ्या आतापर्यंतच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा दोन सेकंदांनी चांगली होती. मी फोन उलटा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला.

एकोणीस दिवस

आता माझ्या चुकीबद्दल. हा भाग लिहायला मी तीन दिवस टाळाटाळ केली.

गोळ्या सुरू झाल्या की लघवी केशरी होते. पहिल्या दिवशी मी घाबरून आईला हाक मारली होती. पण रेश्माताईंनी सांगितलं, औषधाचाच रंग आहे, घाबरू नको. मला ते पटलं. आणि नेमकं तेच पुढे डोक्यात फिरायला लागलं.

तिसरा महिना संपत आला तेव्हा ताप गेला होता, कुशीतलं टोचणं गेलं होतं, चार किलो वजन वाढलं होतं. मी सकाळी हळूहळू पळायला लागले होते, डॉक्टरांना विचारून. सर म्हणाले होते, जानेवारीत एक शिबिर आहे, तिथे पुढच्या मोसमातल्या मीटसाठी नावं काढतात. "नुसती येऊन बस. तुझं नाव लोकांना विसरू द्यायचं नाही." ते एवढंच म्हणाले होते. पण मी मागे एका शिबिरात डोपिंगवरचं व्याख्यान ऐकलं होतं. सांगणाऱ्याने म्हटलं होतं, खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका, लघवीत सगळं दिसतं.

लघवीत सगळं दिसतं. आणि माझी तर लांबून दिसेल अशी केशरी.

मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे टीबी म्हणायचं, आणि तोपर्यंत मी स्वतःशीसुद्धा 'पाणी'च म्हणत होते. पाणी तर निघालं होतं. मग गोळ्या कशाला, असं मनात यायला वेळ लागला नाही. शिबिर दीड महिन्यावर होतं. आतापासून बंद केल्या तर तोपर्यंत अंगातून सगळं धुऊन निघेल, असा मी हिशेब केला. रोज सकाळी गोळ्या पाकिटातून काढायच्या, आईसमोर पाण्याचा घोट घ्यायचा, आणि गोळ्या मुठीतून स्पाइक्सच्या, म्हणजे पळायच्या खिळ्यांच्या बुटांच्या, पिशवीत. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. मला केवढा आनंद झाला.

एकोणिसाव्या दिवशी रेश्माताई आल्या. दारात चप्पल काढून, पंख्याखाली बसून, वही उघडून, नेहमीचे प्रश्न.

"भूक?"

"चांगली."

"उलटी, मळमळ?"

"नाही, आता अजिबात नाही."

"डोळे पिवळे? सांधे दुखतात? लघवीचा रंग?"

"एकदम स्वच्छ," मी म्हटलं. हसत म्हटलं, परीक्षेतला मार्क सांगावा तसं.

ताईंचं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं. आई ओट्यापाशी होती, तिला काही कळलं नाही.

"कधीपासून स्वच्छ?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"पूनम. या गोळ्या पोटात गेल्या तर रंग स्वच्छ होतच नाही गं. कधीपासून?"

मी स्पाइक्सची पिशवी आणली आणि जमिनीवर उलटी केली. आईच्या हातातलं लाटणं तसंच हातात राहिलं. ताईंनी गोळ्या मोजल्या, दोनदा.

"का?"

"डोप टेस्टला पकडतील."

"काय पकडतील?"

मी सगळं सांगितलं. मला रडू येत होतं त्यामुळे तुटक तुटक. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला ते डोप-बिप काही कळत नाही. तुझ्या सरांना फोन लाव. स्पीकरवर."

सर बँकेत होते. त्यांनी ऐकलं आणि ते उठून बाहेर आले, फोनमधून रस्त्याचा आवाज यायला लागला.

"सर?"

"त्या औषधांची नावं पाठव." दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. "यातलं एकही बंदीच्या यादीत नाही. एकही. अगो, विचारूक तोंड नव्हता तुका? रंगाक कोण पकडता? रंग बघून पकडूक लागले तर बीट खाणारो प्रत्येक माणूस तुरुंगात जायत."

ताईंना हसू आलं, त्यांनी ते पदरात दाबलं. मी हसले नाही. आई तर खालीच बसली होती.

तुम्ही खेळाडू असाल तर एवढंच सांगते, आपलं औषध यादीत आहे की नाही हे विचारता येतं. डॉक्टरांना, कोचला, कुणालाही. विचारायला एक फोन लागतो. मला एकोणीस दिवस लागले.

जीभ दाखव

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले की अर्धवट औषध घेतलं की जंतू शहाणे होतात, मग याच गोळ्यांना दाद देत नाहीत. तसं झालंय का ते बघावं लागेल. पुन्हा एक्स-रे, पुन्हा तपासण्या. एका रिपोर्टला महिना लागणार होता. त्या महिन्यात मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पायऱ्या चढायची आणि उतरायची. पुस्तक उघडायची आणि तीच ओळ वाचायची. त्या भीतीत मीट नव्हती, शिबिर नव्हतं. पप्पा एकदा म्हणाले, "एका जागी बस ना बाळा." मी बसले, आणि ते स्वतः उठून फेऱ्या मारायला लागले.

आईने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. ती फक्त रोज सकाळी माझ्यासमोर मांडी घालून बसायची. "आ कर. जीभ दाखव. जिभेखाली. बरं." मग तासभर मी काही खायचं नाही, आणि ती तो तासभर तिथेच. त्यामुळे तिला कामावर उशीर व्हायला लागला. केंद्राच्या बाईंनी कारण विचारलं आणि आई म्हणाली, "मुलीला टीबी आहे. तिच्या गोळ्या मी बसून देते."

आईने मला हे संध्याकाळी सांगितलं, भाजी निवडत, सहज बोलल्यासारखं.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. पोळपाट दुसरीला दिला. मला भाजी निवडायला बसवलं."

दोन दिवस आई भाजी निवडत होती. तिसऱ्या दिवशी रेश्माताई केंद्रावर गेल्या, बाईंशी अर्धा तास बोलल्या आणि येताना दोन पोळ्या तिथेच खाऊन आल्या. चौथ्या दिवशी आईला पोळपाट परत मिळाला. सगळ्यांचं असं होत नाही, मला माहीत आहे. आमचं झालं.

रिपोर्ट चांगला आला. त्याच गोळ्या चालणार होत्या. बुडालेले दिवस शेवटी जोडले गेले. शिबिर माझ्याशिवाय झालं, नावं निघाली, त्यात माझं नव्हतं. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी औषधाच्या कार्डावर शेवटचा शिक्का मारला. डाव्या बाजूला आतून एक चिकटल्यासारखा व्रण राहिलाय, दीर्घ श्वास घेतला की ओढतो. तो कदाचित जाणार नाही, असं ते म्हणाले. बहुतेकांना तो जाणवतही नाही. मला जाणवतो.

पेसर

ऑगस्टमध्ये सर म्हणाले, "तशीच एक मीट या वर्षी आपल्याच देशात आहे. बाहेरच्या पोरी येतायत."

"मला एन्ट्री?"

"तुझी वेळ कुठाय? वर्षभर एक शर्यत पळली नाहीस. एन्ट्री नाही मिळणार." मग म्हणाले, "पेसर पाहिजे त्यांना. पंधराशेला. आठशे मीटरपर्यंत, सत्तर-सत्तरच्या दोन फेऱ्या. करशील?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या शर्यतीत मला लटकायचं होतं तिच्यात मी इतरांना ओढायचं आणि मधेच बाजूला व्हायचं. मी दोन दिवस हो म्हटलं नाही. मग ट्रॅकवर जाऊन सत्तरच्या दोन फेऱ्या काढून बघितल्या. दुसरी चौऱ्याहत्तरला गेली. त्या रागात मी हो म्हटलं.

पाच आठवडे मी फक्त तेवढंच केलं. सत्तर सेकंद म्हणजे किती, हे पायांना शिकवलं. अडुसष्ट नको, बहात्तर नको.

स्टेडियम अर्धं रिकामं होतं. आम्ही रेषेवर उभ्या राहिलो तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या मुली होत्या. एक सारखी बुटांची नाडी बघत होती. तीही घाबरलीय हे बघून मला बरं वाटलं. सरांनी सकाळीच बजावलं होतं, "आठशेच्या खुणेला आत पाऊल. एक मीटर पुढे गेलीस तर माझ्याशी बोलू नको."

पहिली फेरी सत्तर. मागे इतक्या श्वासांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नॅशनलला सगळ्या पसरलेल्या असतात, इथे सगळ्या माझ्या पाठीला चिकटल्या होत्या, आणि तो आवाज मला ढकलत होता. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर डाव्या कुशीत ओढलं. वेग सुटला नाही. सत्तर आणि थोडं. पंधराशेमध्ये आठशे मीटर झाले की आपण बरोबर सुरुवातीच्या रेषेवर येतो. तिथे मी आत गवतावर पाऊल टाकलं. एकीचं कोपर हाताला लागलं आणि त्या सगळ्या निघून गेल्या.

मला थांबायचं नव्हतं. अंगात अजून होतं. किती होतं ते मला माहीत नाही, आणि तेच मला खात होतं.

शर्यत संपली, बोर्डावर वेळा लागल्या, तीन मुलींनी आपापली आतापर्यंतची सगळ्यात चांगली वेळ काढली. मी कडेकडेने बाहेर पडले आणि मागच्या सरावाच्या ट्रॅककडे निघाले. सर मागे आले.

"खंय चाललंस?"

"सातशे राहिलेत."

त्यांनी मला अडवलं नाही. घड्याळ खिशातून काढलं, माझ्याकडे बघितलं, परत खिशात ठेवलं. मी ते सातशे मीटर एकटीने पळले. हळू पळले. शेवटचे शंभर तर बघण्यासारखे नव्हते. कुशीत ओढत होतं, घसा कोरडा पडला होता, आणि पोचल्यावर मी गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. सर बाटली घेऊन आले.

"आयोजकांनी नाव विचारलं तुझं. म्हणाले, पेस एकदम बरोबर होता."

"मग एन्ट्री मागा ना."

"मागितलीय. पुढच्या मोसमाची, पेसर म्हणून नाही."

"काय म्हणाले?"

"मेल करतो म्हणाले."

त्याला आता तीन आठवडे झाले. मेल अजून आलेला नाही. हे लिहिता लिहिता मी चार वेळा फोन बघितलाय.